चोरखिसा, बंद आणि हूक

'चोर' हा शब्द दर वेळी वाईट नसतो. गडाला चोरदरवाजा असतो. डोंगरात चोरवाट असते. पेटीत चोरकप्पा असतो. इथे चोर म्हणजे लपलेला. तसाच चोरखिसा. तो चोराचा खिसा नव्हे. चोराला दिसत नाही तो चोरखिसा!

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली माणसे कांदा विकायला ओतूरला, मंचरला जातात. टोमॅटो नारायणगावला नेतात. आज पुष्कळ पैसा बँकेत जमा होतो. तरी थोडी रोकड जवळ राहतेच. एसटीला गर्दी असते. वरचा खिसा दहाजणांना दिसतो. म्हणून जाणती माणसे बंडीला आतून खिसा शिवून घेतात. घरच्या सगळ्यांच्या घामाचा पैसा त्या एवढ्याशा कापडात असतो. मग त्या खिशाचे तोंड कशाने बंद होते, हे आपल्याला ठाऊक नको का?

कपडा बंद करायच्या वस्तू पुष्कळ आहेत. त्यांची नावे शिकू या.

बंद : बंद म्हणजे कापडाची बारीक पट्टी. दोन बंद मिळून एक गाठ. जुन्या माणसांची बाराबंदी तुम्ही पाहिली असेल. तिला बारा बंद. म्हणजे गाठी किती? सहा. बाराबंदीचा एक पदर आत जातो, दुसरा त्यावर येतो. आतला पदर आत बांधतात. ती गाठ बाहेरून दिसत नाही. तरी सगळा कपडा तिच्यामुळेच जागेवर राहतो.

काज आणि बटण : बटण जाते ते भोक म्हणजे काज. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असे मानतात. त्या भाषेत 'काझा' म्हणजे घर. काज म्हणजे बटणाचे घरच की! काजावर आणखी एक पट्टी घेतली, की बटणे झाकली जातात.

हूक : चोळीची गाठ पुढे दिसते. पोलक्याचे हूक मात्र आत असतात. हूक वरच्या पट्टीला लावतात. तो अडकवायला खालच्या पट्टीला दोऱ्याचा फासा करतात.

टिचबटण : दाबले की टिच् वाजते, म्हणून टिचबटण. एका भागाला गोळी, दुसऱ्याला खळगा. गोळीचा भाग वरच्या पट्टीला, खळग्याचा खालच्या पट्टीला. 1885 साली जर्मनीत हेरिबर्ट बाउअर या गृहस्थाने अशा बटणाच्या शोधाचा हक्क सरकारात नोंदवला.

चेन : दोन्हीकडे बारीक दात. मधली कडी ओढली की दात एकमेकांत बसतात. आजच्यासारख्या चेनचा हक्क गिडिऑन सुंडबॅक याने 1917 साली अमेरिकेत मिळवला. विजारीची चेन पट्टीखाली झाकलेली असते.

आता गिऱ्हाईक आणि शिंपी काय बोलतात ते वाचा.

"शिंपीदादा, बंडीला आतून खिसा पायजे."

"लावतो की बाबा. तोंडाला काय लावू? बटण का टिचबटण?"

"टिचबटण पटकन लागतं. पण ओढ बसली तर सुटायचं. काज-बटणच लावा."

"बरं. खोल किती?"

"चांगली वीतभर. उथळ खिशातनं नोटा वर येतात. आन् दादा, हे समदं पावतीवर लिहा. मी वाचून घेतो."

बाबांनी नाव घेऊन मागितले. म्हणून हवे तेच मिळाले. नाव ठाऊक नसते, तर शिंप्याने लावले ते घ्यावे लागले असते.

लपलेल्या कामात एक धोका असतो. ते दिसत नाही, म्हणून कच्चे राहिले तरी कळत नाही. हूक दोनच टाक्यांवर लोंबतो आणि चारचौघांत तुटतो. बाईमाणसाला मान खाली घालावी लागते. तेव्हा कपडा घेताना तो उलटा करून पाहा. हूक, बटण हलकेच ओढून पाहा. प्रत्येक हूक चार-पाच टाक्यांनी पक्का हवा. काजाच्या कडेला सुटा दोरा नको. मगच पैसे द्या.

पुष्कळ बाया घरी बसून काज करतात, हूक लावतात. मजुरी नगावर मिळते. अशा बहिणींनी रोजची तारीख आणि नग वहीत लिहावेत. 'सोमवार, पोलकी 8, हूक 48.' आठवड्याने दुसऱ्याच्या तोंडचा आकडा ऐकावा लागणार नाही. आपला आकडा आपल्या वहीत असेल. लपलेला टाका घालणाऱ्या हाताची मजुरी लपलेली राहू नये.

वाचा : बंद, काज, हूक, फासा, टिचबटण, चेन, चोरखिसा.

करा : घरातला एक कपडा उलटा करा. त्यात यातल्या कोणत्या वस्तू आहेत? त्यांची नावे व संख्या वहीत लिहा.

लिहा : तुम्हाला चोरखिशाची बंडी किंवा हुकाचे पोलके शिवायचे आहे. शिंप्याला तीन ओळींची चिठ्ठी लिहा.