शेततळ्यातील पॉलिथीन : गुण एक, परिणाम दोन

सन २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या अनेक बागा पाण्याअभावी वाळून गेल्या. त्याच काळात जालना तालुक्यातील कडवंची गावाच्या द्राक्षबागा मात्र तग धरून राहिल्या. १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून तेथे झालेली मृद व जलसंधारणाची कामे हे त्याचे मूळ कारण होय. त्यांच्या जोडीला होती शेतकऱ्यांची शेततळी. अशा तळ्यात अंथरलेला, शेतकरी ज्याला ‘कागद’ म्हणतात तो काळा पडदा वस्तुतः पॉलिथीन या बहुवारिकाचा असतो.

ज्या पॉलिथीनच्या पिशव्यांवर राज्य शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी घातली, त्याच पॉलिथीनच्या अस्तरासाठी शासकीय योजनांतून अनुदान मिळत आले आहे. वरवर पाहता ही विसंगती वाटेल. तिचा उलगडा या पदार्थाच्या रचनेतून होतो.

लांबच लांब साखळी

एथिलीन हा दोन कार्बन व चार हायड्रोजन अणूंचा साधा वायू आहे. खनिज तेलातील नॅफ्थापासून किंवा नैसर्गिक वायूच्या घटकांपासून तो मिळवितात. रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे त्याचे व पॉलिथीनचे उत्पादन होते. एथिलीनच्या रेणूतील दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. त्यातील एक बंध उघडला की रेणू एकमेकांना जोडले जाऊन हजारो कार्बन अणूंची साखळी तयार होते. यालाच बहुवारिकीकरण म्हणतात.

१९३३ साली इंग्लंडमध्ये फॉसेट व गिब्सन या रसायनशास्त्रज्ञांना अतिउच्च दाबाखालील प्रयोगात हा पांढरा, मेणासारखा पदार्थ प्रथम आढळला. १९५३ मध्ये जर्मनीतील कार्ल झीग्लर यांनी उत्प्रेरकाच्या साहाय्याने तो कमी दाबातही तयार करून दाखविला. साखळीला फाटे अधिक असले तर पदार्थ मऊ व कमी घनतेचा होतो. साखळ्या सरळ असल्या तर त्या दाटीने बसतात व पदार्थ कठीण होतो. पहिल्यापासून पातळ पिशव्या, तर दुसऱ्यापासून पाण्याचे नळ व पिंपे करतात. ठिबकच्या नळ्याही पॉलिथीनच्याच असतात.

पाणी अडविणारा गुण

या साखळीला पाण्याचे आकर्षण नाही, आणि जमिनीतील जीवाणूंना ती सहजासहजी तोडता येत नाही. म्हणूनच अस्तरातून पाणी झिरपत नाही व ते कुजतही नाही. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्याच्या बाजूंना एकास एक उतार दिल्यास त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. मुरमाड जमिनीत यातील बरेच पाणी झिरपून जाते. ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचे अस्तर ही गळती थांबविते. बाष्पीभवन मात्र त्याने थांबत नाही.

सूर्यप्रकाशातील जंबुपार (अतिनील) किरण ही साखळी तोडतात. त्यापासून संरक्षण म्हणून पॉलिथीनमध्ये काजळी मिसळतात. अस्तराचा रंग काळा असतो तो यामुळेच. तरीही अस्तर अंथरण्यापूर्वी दगड व मुळे काढावीत आणि काठावरील चरात त्याच्या कडा मातीने पक्क्या दाबाव्यात.

ओले अस्तर अतिशय निसरडे असते. पाण्यात पडलेल्या माणसाला किंवा जनावराला त्यावर पाय रोवता येत नाही. तळ्याभोवती कुंपण आणि काठाला बांधून पाण्यात सोडलेले दोर यांवाचून कोणतेही शेततळे पूर्ण झाले असे समजू नये.

न कुजण्याची किंमत

वरील मापाच्या तळ्याला सुमारे अर्धा टन पॉलिथीन लागते. वर्षानुवर्षे उपयोगी पडणारे हे अस्तर शेवटी एकसंध काढून घेता येते. पिशवी काही मिनिटे वापरली जाते व नाल्यात शतखंड होऊन पडून राहते. न कुजण्याचा गुण दोन्हींत एकच. फरक वापराच्या कालावधीत आणि परत गोळा होण्यात आहे. पिकांखाली आच्छादन म्हणून अंथरलेला पातळ कागद या दृष्टीने पिशवीच्या जवळचा आहे, कारण फाटल्यावर त्याचे तुकडे मातीत मिसळतात.

पॉलिथीन उष्णतेने मऊ होते व पुन्हा आकार घेते, म्हणून त्याचा पुनर्वापर शक्य आहे. त्यासाठी ते मातीपासून व इतर प्लॅस्टिकपासून वेगळे हवे. शाळेत याचा सोपा प्रयोग करता येईल : दोन्हींचे तुकडे बोटाने पाण्याखाली दाबून सोडावेत. पॉलिथीन वर येते, पीव्हीसी तळाशी राहते.

जुने अस्तर व नळ्या बांधावर जाळण्याऐवजी ग्रामपंचायतीने हंगामाअखेर त्या एका ठिकाणी गोळा करून पुनर्प्रक्रियेसाठी पाठविण्याची व्यवस्था करावी. तळ्यासाठी अस्तर आणतानाच ते पुढे कोठे जाणार याची नोंद झाली, तर पाणी राखणारा हा पदार्थ मातीला भार होणार नाही.