हनुग्रह आणि शॉकवेव्ह चिकित्सा : यंत्रापूर्वी निदान

प्रस्तावना

जबडा धरणे, तोंड उघडताना कानापुढे 'कट्' असा आवाज होणे, घास चावताना गालफडात व शंखप्रदेशी वेदना होणे, सकाळी उठल्यावर तोंड आखडलेले वाटणे, या तक्रारी वैद्यांना नवीन नाहीत. गेल्या काही वर्षांत अशा रुग्णांसाठी शॉकवेव्ह चिकित्सेचे नाव वारंवार ऐकू येते. टाचदुखी, खांदेदुखी यांसाठी वापरले जाणारे हे यंत्र आता जबड्याच्या सांध्यासाठीही सुचविले जाते. त्याला शस्त्रकर्म लागत नाही, सुई टोचावी लागत नाही आणि बहुधा भूलही द्यावी लागत नाही. त्यामुळे रुग्णास ते आकर्षक वाटते आणि वैद्यासही ते आपल्या चिकित्सालयात असावे असे वाटू लागते.

प्रस्तुत लेखाचा हेतू या चिकित्सेचा पुरस्कार करणे वा तिचा निषेध करणे हा नाही. ही चिकित्सा कोणत्या हनुविकारात विचारात घ्यावी, कोणत्या विकारात तिचा विचारही करू नये आणि आपल्या भागात हा भेद का महत्त्वाचा आहे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

आघाततरंग म्हणजे काय?

लोणारच्या वैद्यास आघाततरंगाचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. आपले सरोवर ज्या विवरात आहे ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशनीच्या आघाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झाले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात येथील खडकात मॅस्केलिनाइट हा काचरूप पदार्थ आढळल्याचे नोंदविले गेले. खडकातील स्फटिक न वितळता, केवळ प्रचंड दाबाच्या तरंगाने त्याची घडण मोडून तो तयार होतो. अत्यल्प काळात दाब एकदम चढणे आणि तो तरंग पदार्थातून पुढे जाणे, हेच आघाततरंगाचे स्वरूप होय. अशनीच्या आघातात हा दाब काही लाख बार असतो. चिकित्सेच्या केंद्रित यंत्रात तो साधारणतः शंभर ते हजार बारपर्यंत असतो आणि क्षणार्धाहूनही कमी काळ टिकतो. तत्त्व एकच, परंतु मात्रेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मात्रेचे हे महत्त्व आयुर्वेदाच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको.

वैद्यकात या तरंगांचा प्रवेश मूत्राश्मरीच्या निमित्ताने झाला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी जर्मनीतील म्युनिक येथे ख्रिश्चियन शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णाचा वृक्काश्म शरीराबाहेरून दिलेल्या तरंगांनी फोडला. ते यंत्र डॉर्निए या विमाने बनविणाऱ्या कंपनीने तयार केले होते. पुढे न जुळणाऱ्या अस्थिभग्नासाठी व स्नायुबंधांच्या जुनाट वेदनांसाठी कमी शक्तीचे तरंग वापरात आले. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टाचदुखीसाठी अशा यंत्रास मान्यता दिली. जबड्याच्या विकारातील वापर हा त्यानंतरचा आहे.

यंत्राचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. केंद्रित प्रकारात तरंग त्वचेखाली ठरावीक खोलीवर एकवटतात. अरीय, म्हणजेच रेडियल प्रकारात दाबलेल्या हवेने आतील लहान गोळी टोकावर आपटते व तरंग त्वचेपासून पसरत जातो. त्याचा जोर पृष्ठभागी सर्वाधिक असतो व खोलवर कमी होतो. भौतिकशास्त्राच्या काटेकोर अर्थाने हा दुसरा प्रकार आघाततरंग नव्हे, तर दाबाची लहर होय. यंत्राच्या पडद्यावर दिसणारा १ ते ४ बार हा आकडा आतील हवेचा दाब दर्शवितो, ऊतींवरील नव्हे. विक्रेत्याशी बोलताना हा फरक माहीत असणे आवश्यक आहे.

तरंगांमुळे पेशींना यांत्रिक चेतना मिळते, नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या निर्मितीस चालना मिळते आणि वेदनावाहक द्रव्ये घटतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मात्र प्रयोगशाळेतील परिणाम आणि रुग्णाचे बरे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ग्रंथोक्त हनुविकार

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगताना हनुसंधीस वायसतुंड, म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखा, असे म्हटले आहे. वाग्भटाचार्यांनी हनुस्रंसाची कारणे देताना जिव्हेचे अतिलेखन, शुष्क पदार्थांचे भक्षण आणि अभिघात यांचा उल्लेख केला आहे. कुपित वायूमुळे तोंड उघडेच राहते किंवा मिटलेलेच राहते, अशा दोन्ही अवस्था त्यांनी एकाच ठिकाणी सांगितल्या आहेत. आजचे दंतवैद्यक यांनाच उघडा अवरोध व मिटलेला अवरोध असे म्हणते.

चरकसंहितेच्या वातव्याधी अध्यायातील उपाय विशेष मननीय आहे. तोंड उघडे राहिले असता प्रथम स्वेदन करावे, मग अंगठ्यांनी हनू खाली दाबून तर्जनींनी हनुवटी वर उचलावी व निसटलेला सांधा स्वस्थानी आणावा, असे तेथे सांगितले आहे. निसटलेला जबडा बसविण्यासाठी आज आपत्कालीन विभागात वापरली जाणारी पद्धत याच मार्गाची आहे. सुश्रुतांनी असा सांधा बसविल्यावर पंचांगी बंध व वातघ्न-मधुर द्रव्यांनी सिद्ध घृताचे नस्य सांगितले आहे. तात्पर्य, आपल्या आचार्यांनी हनुविकारात आधी अवस्था ओळखली, मग हात लावला. यंत्र वापरणाऱ्यासही हाच क्रम लागू आहे.

तोंड उघडत नाही : प्रथम काय वगळावे?

आमच्या लोणार, मेहकर, रिसोड या पट्ट्यात 'जबडा धरला' म्हणून येणाऱ्या रुग्णास पहिला प्रश्न खर्ऱ्याविषयी विचारावा. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्वत्र खाल्ला जातो. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी सुपारीचे व्यसन सुटलेले नाही. सतत सुपारी चघळल्याने गालाच्या आतील अस्तराखाली तंतुमय ऊती वाढते, गाल कडक होतो व तोंड हळूहळू मिटत जाते. १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी या विकाराचे वर्णन केले होते. मुखातील हा तंतुकाठिण्य विकार कर्करोगपूर्व अवस्था मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविरहित सुपारीसही मानवी कर्करोगाचे कारण ठरविले. 'शास्त्रात तांबूल सांगितले आहे' असे रुग्ण म्हणतो. त्यास सांगावे, की दिनचर्येतील तांबूल वेगळे आणि दिवसभर गालात धरलेला खर्रा वेगळा. शिवाय तांबूल कोणास वर्ज्य, हेही शास्त्रात सांगितलेले आहे.

म्हणून प्रत्येक हनुग्रहाच्या रुग्णाचे तोंड विजेरीच्या प्रकाशात आतून पाहावे व हातमोजा घालून गाल चाचपावा. अस्तर पांढुरके, संगमरवरासारखे दिसणे, गालात उभे कडक पट्टे लागणे, तिखटाने आग होणे व जीभ पूर्ण बाहेर न येणे ही तंतुकाठिण्याची चिन्हे होत. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, मानेतील कठीण गाठ यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी पाठवणी करावी. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. अशा गालावर आघाततरंग देणे सर्वथा वर्ज्य आहे. तंतुकाठिण्यामुळे मिटलेल्या तोंडास 'सांध्याचा वात' समजून महिनोन्महिने तेल चोळले वा तरंग दिले, तर त्या काळात गालातील कर्करोग वाढत असू शकतो. या चिकित्सेतील खरा धोका यंत्राच्या दुष्परिणामांपेक्षा या विलंबात आहे.

याशिवाय पुढील चार अवस्था कटाक्षाने वगळाव्यात.

१. धनुर्वात : मागील काही दिवसांत वा आठवड्यांत जखम झालेली असून जबडा आखडत असेल, तर ते धनुर्वाताचे प्रथम लक्षण असू शकते. शेतीकाम करणाऱ्या रुग्णास हे अवश्य विचारावे व विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

२. पूयसंचय : ज्वर, गालावर किंवा जबड्याखाली सूज, गिळताना त्रास ही लक्षणे असता अक्कलदाढेचा जंतुसंसर्ग तपासावा. येथे स्वेदन व मर्दन दोन्ही वर्ज्य.

३. हृद्रोग : श्रमाने वाढणारी व विश्रांतीने थांबणारी जबड्याची वेदना, सोबत घाम व छातीत दडपण असल्यास प्रथम हृदयाची तपासणी करावी.

४. धमनीशोथ : पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली शंखप्रदेशातील डोकेदुखी, चावताना थकणारा जबडा व दृष्टी अंधुक होणे, ही लक्षणे एकत्र आढळल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे.

उरलेल्या रुग्णांत स्नायूंची वेदना, सांध्यातील चकतीचे सरकणे व संधिशोथ असे तीन गट करता येतात. वरच्या व खालच्या पुढील दातांमधील अंतर पट्टीने मोजावे. प्रौढात ते साधारणतः ४० मिलिमीटर वा अधिक असते. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, ही सोपी चाचणीही उपयोगी पडते.

शॉकवेव्हचे स्थान

हनुसंधीच्या विकारात या चिकित्सेवर झालेले अभ्यास बहुतांशी थोड्या रुग्णांचे व थोड्या आठवड्यांचे आहेत. त्यांत वेदना कमी झाल्याच्या व तोंड अधिक उघडल्याच्या नोंदी आहेत. त्यांवरून आशा धरता येते, हमी देता येत नाही. चेहऱ्यासाठी सर्वमान्य अशी मात्राही अद्याप ठरलेली नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने जबड्याच्या जुनाट वेदनेविषयी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत ठाम शिफारस आहे ती देखरेखीखाली करावयाच्या जबड्याच्या व्यायामाची व ताणाची, मान-पाठीची ठेवण सुधारणाऱ्या व्यायामाची, हाताने करावयाच्या संधिचालनाची, दुखऱ्या बिंदूंवरील हस्तोपचाराची आणि मानसोपचारात्मक समुपदेशनाची. शॉकवेव्ह या पहिल्या रांगेत नाही. वरच्या-खालच्या दातांची रचना कायमची बदलणाऱ्या उपायांविरुद्ध मात्र स्पष्ट इशारा आहे.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम निदानपरिवर्जन : सुपारी, कडक व चिवट पदार्थ, दातांवर दात दाबून धरण्याची सवय आणि मोठी जांभई टाळणे. मग मृदू स्निग्ध आहार, स्थानिक स्नेहन व मृदू स्वेदन, अवस्थेनुसार तिळतेलाचा गंडूष व अणुतेलाचे नस्य, आणि दिवसातून तीन-चार वेळा जबड्याचे सावकाश व्यायाम. सहा ते आठ आठवडे हा उपक्रम नीट करूनही चर्वण-स्नायूंची जुनाट वेदना राहिली, तरच प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ वा मुखशल्यतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने, कमी शक्तीच्या तरंगांचा पूरक उपाय म्हणून विचार करावा. सरकलेली चकती या तरंगांनी जागेवर येते असे रुग्णास सांगू नये.

तरंग द्यावयाचे ते गालातील जाड स्नायूवर. कर्णप्रदेश, नेत्राभोवतीचा भाग व मानेतील मोठ्या रक्तवाहिन्या टाळाव्यात. शंख व विधुर ही मर्मे याच परिसरात आहेत, हे विसरू नये. शंख हे सद्यःप्राणहर व विधुर हे वैकल्यकर मर्म होय. गर्भिणी, वाढत्या वयातील मुले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे वा रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेले, हृदयात पेसमेकर असलेले, तसेच स्थानिक जंतुसंसर्ग वा अर्बुद असलेले रुग्ण यांत तरंग देऊ नयेत.

औषधविक्रेत्यांसाठी

'जबडा धरला आहे, एखादे तेल द्या,' असे म्हणत रुग्ण बहुधा प्रथम औषधालयातच येतो. तेलाची बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : खर्रा किंवा सुपारी खाता का? तोंडात न भरणारी जखम आहे का? अलीकडे कोठे लागले होते का? एकाही प्रश्नाचे उत्तर 'होय' आले, तर तेल नव्हे, तपासणी सुचवावी. तीच व्यक्ती वारंवार वेदनाशामक गोळ्या नेत असेल, तर तिला वैद्याकडे पाठविणे हेही औषधविक्रेत्याचे कर्तव्य होय.

यंत्र खरेदीचा विचार करणाऱ्यांनी ते केंद्रित आहे की अरीय, त्याचे टोक किती आघातांनंतर बदलावे लागते व त्यास परवाना आहे काय, हे लेखी घ्यावे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे भारतातील औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. काही लाखांचे यंत्र घेतले, की ते चालविण्याचा मोह होतो आणि मग प्रत्येक जबडा त्या यंत्रास योग्य वाटू लागतो. हा मोह ओळखणे यंत्र ओळखण्याइतकेच आवश्यक आहे.

उपसंहार

शॉकवेव्ह चिकित्सेस परकी म्हणून नाकारण्याचे कारण नाही आणि तिच्यावर ग्रंथोक्त कर्मांची नावे चिकटवून ती आपलीच म्हणण्याचेही कारण नाही. ती एक मर्यादित उपयोगाची, अद्याप पारखली जात असलेली चिकित्सा आहे. आपल्या हाती असलेले अधिक मोलाचे साधन म्हणजे रुग्णाच्या तोंडात पाहणे. प्रत्येक वैद्याने हनुग्रहाच्या रुग्णांसाठी एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी. तीत व्यसन, मुखपरीक्षण, तोंड उघडण्याचे मिलिमीटरमधील माप, दिलेले कर्म आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा घेतलेले माप लिहावे. वर्षभरात अशा नोंदी जमल्यास आपल्या स्नेहन, स्वेदन व नस्याने किती मिलिमीटरचा फरक पडतो, हे आपण आधाराने सांगू शकू. तोवर एक पट्टी व एक विजेरी एवढी साधने प्रत्येक चिकित्सालयात असावीत, आणि त्यांच्याशिवाय जबड्यावर तेलही लावू नये.