दट्ट्या वर आला, पण कशासाठी?

फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या एका चक्रात दोनदा वर येतो: एकदा इंधन-हवेचे मिश्रण दाबण्यासाठी, एकदा जळालेले वायू बाहेर ढकलण्यासाठी. ठिणगी उपयोगी पडते ती पहिल्याच वेळी. तेवढ्यात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. त्यामुळे त्याच्यावरून ही वेळ ओळखता येत नाही. कॅमशाफ्टचा मात्र एकच फेरा होतो. म्हणून त्याच्या दातेरी चकतीजवळ संवेदक बसवतात. दाता समोर आला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामानुसार संवेदकातील व्होल्टता बदलते. हा संकेत इंजिनाच्या संगणकाकडे जातो. उष्णतेने संवेदक बिघडला, तर इंजिन सुरू होण्यास वेळ लागतो किंवा ते अडखळते. तार तुटली तरी लक्षणे हीच! म्हणून नवा संवेदक घेण्यापूर्वी तार तपासावी.