अल्पपरिचित कायनेज आणि पेशीतील नियंत्रण

नोएडातील सेक्टर ३९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा तिच्या अभ्यासाचा प्रमुख विषय. निरोगी पेशीत ‘आरबी’ हे प्रथिन पेशीविभाजन रोखून धरते. विभाजनाची वेळ आली की सायक्लिनवर अवलंबून असणारे कायनेज त्यावर फॉस्फेट गट बसवतात व अडसर दूर होतो. मानवी पॅपिलोमा विषाणूचे ‘ई-७’ प्रथिन मात्र आरबीला परस्पर निकामी करते आणि पेशी अनिर्बंध वाढू लागते.

एटीपीमधील फॉस्फेट गट दुसऱ्या प्रथिनावर बसवणारे विकर म्हणजे प्रोटीन कायनेज. तो गट काढण्याचे काम फॉस्फेटेज करते. या प्रक्रियेच्या शोधासाठी एडविन क्रेब्ज व एडमंड फिशर यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २००२ मध्ये मानवी जनुकसंचात ५१८ कायनेजची नोंद झाली. संशोधकांचे लक्ष मात्र त्यांतील मोजक्यांवरच खिळून राहिले. ज्याविषयी आधीच पुष्कळ ठाऊक आहे, त्याचाच पुन्हा अभ्यास करणे सोयीचे असते!

या उपेक्षेचे बोलके उदाहरण दुधातच सापडते. केसीनमध्ये फॉस्फरस असतो, हे एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात होते. ‘केसीन कायनेज’ हे नाव भलत्याच विकरांना मिळाले. केसीनवर शरीरात फॉस्फेट बसवणारे खरे कायनेज, ‘फॅम-२०सी’, २०१२ मध्ये ओळखले गेले. त्याचे नियंत्रणही विलक्षण आहे. ‘फॅम-२०ए’ हे त्याचे भावंड स्वतः फॉस्फेट बसवू शकत नाही, परंतु त्याच्याशी जोडी जमवून त्याची क्रियाशीलता वाढवते. अशा ‘छद्म-कायनेज’ना निरुपयोगी समजणे म्हणूनच चुकीचे ठरते.

‘पिंक-१’ चे नियंत्रण निराळे आहे. निरोगी तंतुकणिकेत ते आत ओढले जाऊन तोडले व नष्ट केले जाते. तंतुकणिका बिघडली की ते तिच्या बाह्य आवरणावर साचते, पार्किन या प्रथिनाला कामाला लावते व त्या कणिकेच्या विल्हेवाटीची व्यवस्था करते. या जनुकातील दोषाचा पार्किन्सन आजाराशी असलेला संबंध २००४ मध्ये स्पष्ट झाला.

नियंत्रण समजले की औषधाची वाट मोकळी होते. रक्ताच्या एका कर्करोगातील बेबंद कायनेजला रोखणाऱ्या इमॅटिनिबला २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या एका स्फटिकरूपाचे एकस्व सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या आधारे नाकारले, त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त पर्यायी गोळ्यांचा मार्ग खुला राहिला.