पाखरे जागा बदलतात तेव्हा

शेकाट्या हा पक्षी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. अंग पांढरे, पंख काळे, चोच सुईसारखी आणि पाय गुलाबी काड्यांसारखे इतके लांब, की तो उडाला म्हणजे ते शेपटीच्या मागे वीतभर बाहेर राहतात. काल्हेर-कशेळीच्या बाजूला, गोदामांच्या मागे जिथे जुन्या भातखाचरांत पाणी साचून राहते, तिथे हे पक्षी दिवसभर चिखलात चोच खुपसत फिरताना दिसतात. बारावीत असताना मी त्यांचे पहिले छायाचित्र काढले. त्यात आकाश होते, विजेची तार होती आणि कोपऱ्यात दोन गुलाबी काड्या होत्या. पक्षी चौकटीबाहेर निघून गेला होता. या लेखाचा विषय त्या दोन काड्यांपासून सुरू होतो असे म्हटले तरी चालेल.

कॅमेरा माझा नाही. आमच्या भागात हळदी-लग्नाचा मोसम जोरात असतो, आणि गावातील एका लग्नाच्या छायाचित्रकाराबरोबर मी दिवा धरायला जातो. मोबदल्यात थोडे पैसे आणि मुहूर्त नसलेल्या दिवशी कॅमेरा, असा आमचा करार आहे. भिंग ३०० मिलिमीटरचे. पक्षी टिपणाऱ्यांच्या जगात हे भिंग म्हणजे तोकडेच; ज्यांच्या खांद्यावर हातभर लांबीची भिंगे असतात ते लोक माझ्याकडे दयेने पाहतात. परंतु भिंग तोकडे असले की माणसाला पक्ष्याची वागणूक शिकावीच लागते. नवरदेव सांगितले तिथे उभा राहतो, शेकाट्या राहत नाही. तो पुढे कुठे जाणार हे आधी ओळखून तिथे जाऊन बसणे, हीच या विद्येची अर्धी बाजू आहे.

चालत्या-उडत्या प्राण्याचे चित्र घेण्याची धडपड जुनी आहे. फ्रान्समधील एत्येन-झ्यूल मारे या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. नेम धरायचा, चाप ओढायचा, की एका सेकंदात १२ चित्रे उमटत. पंख खाली येताना पक्षी काय करतो आणि वर जाताना काय करतो, हे माणसाने तेव्हा प्रथम नीट पाहिले. आपल्याकडे संयुक्त प्रांताच्या जंगलात एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने वेगळी युक्ती केली. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर त्याने तार बांधली. वाघाचा पाय तिला लागला की प्रकाश लखलखे आणि चित्र निघे. वाघ स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढत असे म्हणा ना! चँपियनचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. वाघ मारून त्यावर पाय ठेवून चित्र काढण्याच्या त्या काळात हा माणूस नुसती तार बांधून घरी जात होता, याचे मला फार कौतुक वाटते.

आता थोडे तंत्राविषयी. बगळा सेकंदाला १० मीटर वेगाने जात आहे असे धरा. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा साठावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात बगळा १६ सेंटिमीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. म्हणजे चित्रात बगळा नाही, पांढरा फराटा येतो. तीच झडप सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटली तर तो फक्त १ सेंटिमीटर सरकतो. म्हणून उडत्या पक्ष्याला १/१००० किंवा त्याहून कमी वेळ ठेवावा. एवढी गोष्ट कोणीही सांगेल. मला जी उशिरा कळली ती वाऱ्याची.

पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि उतरतानाही वाऱ्याकडेच तोंड करतो. समोरचा वारा त्याला पंखाखाली आधार देतो. पाठीमागून वारा घेऊन उतरणारा मोठा पक्षी मी तरी अजून पाहिलेला नाही. आता शाळेच्या भूगोलातील धडा आठवा: मतलई वारे आणि खारे वारे. हिवाळ्यात पहाटे आमच्याकडे जमिनीवरून खाडीकडे, म्हणजे ढोबळमानाने पूर्वेकडून वारा वाहतो. दुपार कलली की समुद्राचा खारा वारा पश्चिमेकडून येतो. सकाळी सूर्य पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. तेव्हा सकाळी पूर्वेकडे पाठ करून उभे राहिले तर उतरणारा पक्षी आपल्याकडे तोंड करून येतो आणि उजेडही नेमका त्याच्या छातीवर पडतो. संध्याकाळी पश्चिमेकडे पाठ करावी, तेच घडते. सातवीत मी हा धडा पाठ करून दहापैकी नऊ गुण मिळवले होते. त्याचा काही उपयोग असतो हे काल्हेरच्या बांधावर समजले. यापूर्वीचे वर्षभर मी पक्ष्यांच्या शेपट्यांची चित्रे काढत होतो.

वाऱ्यानंतर पाणी. ऐरोलीला रोहित पाहायला गेलो तेव्हा भरती-ओहोटीचा हिशेब शिकलो. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. दोन जाती येतात: मोठा आणि लहान. लहान रोहिताची चोच गडद लाल असते आणि तो मुख्यतः पाण्यातील सूक्ष्म शेवाळावर जगतो. १९९० नंतरच्या दशकात हे पक्षी शिवडीच्या चिखलावर मोठ्या संख्येने दिसू लागले आणि पुढे खाडीत वरपर्यंत पसरले. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १६९० हेक्टर भाग रोहितांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ते दूर पसरून चरतात. पाणी चढू लागले की ते त्यांना किनाऱ्याकडे रेटत आणते, आणि पूर्ण भरतीला चिखल बुडाला की थवेच्या थवे उठून भांडुप-नेरुळकडच्या उथळ पाणथळ जागांवर जाऊन उभे राहतात. दिवसातून दोनदा हे स्थलांतर चालते. छायाचित्रकाराची खरी वेळ पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास.

ती वेळ कशी काढावी? मोबाइलवर तक्ता मिळतो, पण खाडीवरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याने मला त्याहून सोपे गणित दिले. तिथीचे पाऊणपट करावे. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. खाडीच्या आत पाणी उशिरा चढते म्हणून थोडा वेळ वर धरायचा. मी हे तक्त्याशी ताडून पाहिले. फार चुकत नाही. वर्गात तिथी फक्त आजी विचारते असे समजणाऱ्या मित्रांना मी हे मुद्दाम सांगतो.

परंतु भरतीच्या वेळी उभे राहायची ती उथळ जागाच नाहीशी झाली तर? नेरुळच्या एका तलावात भरतीचे पाणी येणे थांबले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तो आटला. तिथे रोहित मेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाची थव्याला धडक बसली आणि ३९ रोहित मेले. पक्षी जागा बदलतो हे वाक्य आपण सहज बोलतो. पण ती जागा आयत्या वेळी मिळावी लागते.

प्राण्यांचे तेच. 'आजोबा' या चित्रपटामुळे (२०१४) आजोबा नावाचा बिबट्या अनेकांना माहीत आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या या बिबट्याला डॉ. विद्या अत्रेय यांच्या चमूने गळपट्टा घालून माळशेज घाटात सोडले, आणि तो रेल्वेमार्ग, महामार्ग, खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. २०२१ मध्ये तिथल्याच 'महाराजा' नावाच्या नराला पट्टा घातला, तेव्हा तो चिंचोटी-भिवंडी रस्ता आणि दिवा-वसई लोहमार्ग ओलांडून तुंगारेश्वरच्या रानात गेल्याचे दिसले. चिंचोटीच्या त्या रस्त्याने आम्ही किती वेळा गेलो असू! ट्रकांच्या रांगांमधून कोण रस्ता ओलांडतो याची आम्हाला कल्पना नव्हती.

बिबट्याच्या बाबतीत छायाचित्राला मोठे मोल आहे, कारण प्रत्येकाच्या अंगावरील ठिपक्यांची रचना निराळी असते. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. उष्ण शरीर हलले की ते आपोआप चालू होतात आणि डावी-उजवी दोन्ही अंगे मिळतात. मग आज येथे आणि सहा महिन्यांनी पलीकडच्या डोंगरात निघालेले चित्र एकाच प्राण्याचे आहे हे ठामपणे सांगता येते. शेकाट्याला ठिपके नाहीत. म्हणून पक्ष्यांच्या पायात कडी घालतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे काम १९२७ पासून करीत आली आहे.

माझ्या छंदाची मर्यादा इथेच आहे, आणि ती मी लपवू नये. खाचरातले शेकाटे नाहीसे झाले आणि पलीकडच्या डबक्यावर शेकाटे दिसले, म्हणजे तेच पक्षी तिकडे गेले, असे मी पहिल्या वर्षी वहीत लिहून ठेवले होते. ते चूक होते. ते दुसरेही असू शकतील. माझी चित्रे एवढेच सांगतात की अमुक दिवशी, अमुक वेळी, या जागी इतके पक्षी होते. तारीख, वेळ, जागा, वारा आणि संख्या लिहिलेली नसेल तर तेवढेही सांगत नाहीत. ती दिनदर्शिकेवर छापायला बरी. एका उत्तम चित्रापेक्षा एकाच बांधावरून दर पंधरा दिवसांनी काढलेली वीस साधी चित्रे अधिक बोलतात, असे माझे मत झाले आहे.

आता एक चूक सांगतो. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याच खाचरात, पाण्यातल्या चिखलाच्या उंचवट्यावर शेकाट्याचे घरटे मला सापडले. घरटे कसले, चार काटक्या आणि चार अंडी. भिंग तोकडे, म्हणून मी पुढे सरकलो. नर-मादी डोक्यावरून ओरडत फिरू लागली. उडते पक्षी इतके जवळ मला कधीच मिळाले नव्हते! मी बसून राहिलो आणि जवळजवळ अर्धा तास चित्रे काढली. वारा, उजेड, झडप, सर्व जमून आले होते. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशी माझ्यापासून वीस पावलांवर कावळा उतरला आणि एक अंडे घेऊन गेला. मी हाकलायला उठलो, तसे पक्षी आणखी दूर गेले आणि दुसरा कावळा आला. संध्याकाळी घरटे रिकामे होते. पक्षी ओरडत होते ते मला घालवण्यासाठी, आणि त्यालाच मी 'सुंदर उड्डाण' समजत होतो. त्यांतले एक चित्र आपल्या भित्तिपत्रकात लागले होते. अनेकांनी ते आवडल्याचे सांगितले. ते कसे निघाले हे मी तेव्हा कोणालाही सांगितले नाही.

त्यानंतर घरट्याजवळ जात नाही. पक्षी चरायचा थांबून मान ताठ करतो, ती माझी शेवटची रेषा. तिथून मागे फिरायचे. थवा उडावा म्हणून दगड मारणारे, टाळ्या वाजवणारे लोक मी ऐरोलीलाही पाहिले आहेत. त्यांना बोलायचा अधिकार मला किती आहे, हा प्रश्न मनात येतो म्हणून कधी कधी गप्प राहतो. ते बरोबर नाही, हेही कळते.

यंदा दिवाळीनंतर त्या खाचरात भराव पडला. जमीन नात्यातल्या एका आजोबांची आहे. आम्ही त्यांना नाना म्हणतो. मी माझी दोन वर्षांची चित्रे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून एकेक पाहिले. पावसाळ्यातले खाचर पाहून त्यांनी बोट ठेवले आणि कुठल्या बांधाशी कोणता भात व्हायचा ते सांगू लागले. मग चित्रे परत देत म्हणाले, "बेस हायेत रं. पन पाखरा काय भारा देतान का आमाला?" माझ्याकडे उत्तर नव्हते. खारे पाणी शिरून त्या जमिनीत भात पिकेनासा झाला होता, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती. आणि माझे वडील अशाच एका गोदामात हमाली करतात. माझी फी त्यातून भरली जाते. गोदामांना शिव्या देणारा लेख लिहिणे मला सोपे नाही. नानांच्या हातून भाड्याची संधी जावी असे मी म्हणू शकत नाही. पण त्या जागी काय होते हे कुठेतरी नोंदलेले असावे, एवढे तरी मागता येईल. निघताना नानांनी भाताच्या लोंब्यांचे एक चित्र ठेवून घेतले. पक्ष्यांचे एकही नाही.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी साडेसातला मी पुन्हा त्या बाजूला गेलो. खाचराच्या जागी लाल मुरूम होता. त्याच्या पलीकडे, ट्रक उभे करण्याच्या मैदानात, फुटलेल्या नळामुळे गुडघाभर पाणी साचले होते आणि त्यात शेकाटे होते. तेच की दुसरे, सांगता येत नाही. मी एका उभ्या ट्रकच्या चाकाआड बसलो, पूर्वेकडे पाठ करून. क्लीनरने विचारले काय आहे. मी बोट दाखवले. तोही खाली बसला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. वहीत नोंद आहे: शेकाटे २३, पाणी गोडे, वारा मतलई, उडाले वाऱ्याच्या दिशेने आमच्या डोक्यावरून, पुढे खाडीकडे वळले. चित्रे ११, त्यांत स्पष्ट ४.