आधी बसून विचार
शास्त्रपाठ : लूक १४:३१-३२, १ करिंथ ९:२६

पौल स्वतःला मुष्टियोद्धा म्हणवितो. त्याचा ठोसा हवेत वाया जात नाही. परंतु आपल्याहून वजनदार व घातकी प्रतिस्पर्ध्यापुढे उभे राहावे की नाही, हे विजेत्यालाही आखाड्याबाहेरच ठरवावे लागते. प्रभूच्या दाखल्यातील राजा असाच आधी बसून विचार करतो. वीस हजारांपुढे आपले दहा हजार पुरणार नाहीत असे दिसले, तर तो वकील पाठवून सलोख्याचे बोलणे करतो.

असा वकील होण्याचा प्रसंग तंजावूरच्या एका पाळकावर आला. तेथील मराठा राजवाड्यात तुळजाजी राजांपाशी ज्यांच्या शब्दाला मान होता, ते जर्मन मिशनरी श्वार्ट्झ. १७७९ साली मद्रासच्या गव्हर्नरांनी त्यांना म्हैसूरच्या हैदरअलीकडे जाण्याची विनंती केली. हैदराचा धाक साऱ्या दक्षिणेला होता. शिवाय, सुवार्तिकाने राजकारणात पडावे काय? श्वार्ट्झ यांनी प्रार्थना केली व कारणे तोलली. रक्तपात कदाचित टळेल, वाटेत सुवार्ता सांगता येईल. मात्र भेटी घेऊन हात मळवावयाचे नाहीत. (ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. आपण सामना स्वीकारतो तेव्हा बक्षिसाचा विचार किती आधी येतो?) हैदराने प्रवासखर्चासाठी दिलेले ३०० रुपयेही त्यांनी सरकारजमा केले आणि ते तंजावुरातील शाळेस मिळावेत असे सुचविले.

समेट झाला नाही. १७८० साली हैदर तमिळ मुलखावर चालून आला. तरी ह्या पाद्रीसाहेबांना कोणी अडवू नये, असा हुकूम त्याने आपल्या सरदारांना दिला होता.