काडी पैलवानाची साखर

वय पन्नाशीपार, वजन ६४ किलो, बीएमआय २२. कोथरूडच्या मित्रमंडळीत मी काडी पैलवान. अन् रिपोर्टात एचबीएवनसी ७.४, म्हणजे मधुमेह! त्यानंतर जे शिकलो, ते असं:

१. वजनकाट्यावर विसंबू नये. हातपाय काटकुळे, पण पट्टा दर दोन वर्षांनी एक भोक पुढे सरकत होता, तिकडे लक्षच दिलं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१! आता घरात टेप असते. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची ८०च्या.

२. या चरबीची आणि साखरेची सुरुवात आईच्या पोटात असतानाच होते. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या वेळी दिवस गेलेली आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. “खायला सुकडी मिळायची, तीही थोरल्यांना द्यायचे,” ती सांगते. माझ्या साखरेचं खापर मी त्या दुष्काळावर फोडत नाही. पण याज्ञिकांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा हलकी, तरी चरबी राखून असलेली निघाली. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देत होतं. हे कसं होत असावं? जनुकांवर मिथाइलच्या रासायनिक खुणा बसतात, कोणतं जनुक किती बोलेल हे ठरवायला त्या हातभार लावतात. आणि या खुणांसाठी बी-१२ आणि फोलेट ही दोन्ही जीवनसत्त्वं लागतात.

३. चरबीही खुणा सोडते. २०१७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात लंडनचे भारतीय वंशाचे लोकही होते. बहुतेक खुणा लठ्ठपणाचं कारण नव्हे, परिणाम ठरल्या. आणि पुढे मधुमेह कोणाला होईल, याचा अंदाजही त्यांवरून येत होता.

४. या खुणा काळ्या दगडावरची रेघ नव्हेत. स्वीडनमध्ये सहा महिन्यांच्या व्यायामाने पुरुषांच्या चरबीतल्या खुणा बदललेल्या दिसल्या. मी रोज एआरएआयची टेकडी चढतो, गोळी चुकवत नाही. एचबीएवनसी ६.४वर आलंय.

५. आमची लेक चोवीस वर्षांची, शाकाहारी. तिचं बी-१२ तपासलं, कमी निघालं. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. तुमच्याही लेकीसुनांची ही तपासणी बाळाची चाहूल लागायच्या आधीच करून घ्या.